सांगण्याचा अधिकार : मराठी बायबल आणि ‘साक्ष’ या शब्दाचा नीतिविचार

१

१० जानेवारी २०२० रोजी उस्मानाबाद येथे (आजचे धाराशिव) ९३वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन सुरू झाले. अध्यक्षस्थानी फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. संमेलनाच्या इतिहासात एखादा ख्रिस्ती धर्मगुरू या पदावर येण्याची ही पहिलीच वेळ होती. निवड जाहीर झाल्यापासून काही संघटनांनी तिला विरोध केला. धर्मगुरूचे काम धर्मप्रचाराचे असते, म्हणून साहित्याचे व्यासपीठ त्याच्या हाती देऊ नये, असा त्या विरोधाचा आशय होता. ना. धों. महानोर यांनी उद्घाटन केले, पाठदुखीने त्रस्त असलेल्या अध्यक्षांनी आपले विचार मांडले आणि संमेलन पार पडले. २५ जुलै २०२४ रोजी दिब्रिटो यांचे निधन झाले. वाद केव्हाच विझला आहे. त्यामागचा प्रश्न मात्र तपासला गेला नाही, असे वाटते.

तो तपासला न जाण्याचे एक कारण त्या वेळी केलेल्या बचावात सापडते. दिब्रिटो लेखक आहेत, पर्यावरणाच्या चळवळीतील कार्यकर्ते आहेत, मराठी संतांचे अभ्यासक आहेत. त्यांचा धर्म हा त्यांचा खासगी प्रश्न आहे, असा तो बचाव होता. हेतू चांगला असला तरी हा बचाव वस्तुस्थितीला धरून नव्हता. ज्या अनुवादाला साहित्य अकादमीचा २०१३चा अनुवाद पुरस्कार मिळाला, तो ‘सुबोध बायबल’. ज्या मासिकाचे त्यांनी दीर्घकाळ संपादन केले, त्याचे नावच ‘सुवार्ता’. वसईतील पाणी आणि जमिनीच्या प्रश्नावर ते उतरले ते धर्मगुरू म्हणूनच. त्यांच्या लेखनातून धर्मग्रंथ वजा केल्यास उरेल ते लेखन त्यांचे राहणार नाही. तेव्हा विरोधकांनी विचारलेला प्रश्न अधिक सरळ होता, असे मान्य करावे लागते : एखादा ग्रंथ शिकलेल्या, तो जगण्याचा प्रयत्न करणाऱ्या माणसाला तो इतरांना सांगण्याचा अधिकार आहे काय? असल्यास कोणत्या अटीवर?

प्रस्तुत लेखात हा प्रश्न मराठी बायबलच्या संदर्भात विचारात घ्यावयाचा आहे. तो केवळ ख्रिस्ती समाजापुरता नाही. कीर्तनकार, भाष्यकार, अनुवादक आणि साहित्याचे अध्यापक या सर्वांच्या व्यवसायाच्या मुळाशी तो आहे.

२

शिकणे, आचरणे आणि सांगणे ही त्रयी बायबलमध्येच एका ठिकाणी स्पष्टपणे येते. बाबेलच्या बंदिवासानंतर यरुशलेमला परतलेल्या एज्रा या शास्त्र्याविषयी जुन्या करारात म्हटले आहे की, परमेश्वराचे नियमशास्त्र अभ्यासणे, ते पाळणे आणि लोकांना शिकवणे यांकडे त्याने आपले चित्त लावले होते. हा क्रम सहज पटणारा आहे. आधी ज्ञान, मग आचरण, मग उपदेश. मराठी मनाला तर तो आपलाच वाटतो. कारण बोलणे आणि वागणे यांचा मेळ हीच संतपरंपरेने साधुत्वाची खूण मानली. रामदासांपासून गाडगेबाबांपर्यंत ‘आधी केले की नाही’ हाच प्रश्न आपण उपदेशकाला विचारत आलो आहोत.

मात्र या क्रमात एक गृहीतक दडलेले आहे. ते असे की, ग्रंथाचा अर्थ आधी पूर्णपणे समजतो आणि त्यानंतर त्याचे आचरण होते. आधुनिक अर्थमीमांसेने या गृहीतकालाच आव्हान दिले आहे. गाडामर यांच्या ‘सत्य आणि पद्धती’ (१९६०) या ग्रंथातील एक महत्त्वाचा मुद्दा असा की, अवबोध, अर्थनिर्णय आणि उपयोजन या तीन स्वतंत्र पायऱ्या नाहीत. न्यायाधीश समोरच्या खटल्यावर कायदा लावतो तेव्हाच त्याला त्या कायद्याचा अर्थ कळतो. प्रवचनकारालाही वचनाचा अर्थ समोरच्या श्रोत्यांच्या संदर्भातच उमगतो. उपयोजन हे समजण्याच्या शेवटी जोडलेले शेपूट नव्हे, ते समजण्याचे अंगच आहे. आपल्याकडील मीमांसकांना यात फारसे नवल वाटले नसते. वेदवाक्याचे तात्पर्य ते क्रियेच्या प्रेरणेत शोधत. जे वाक्य काहीच करावयास सांगत नाही, त्याला त्यांनी अर्थवाद म्हणून दुय्यम स्थान दिले.

हे मान्य केल्यास सांगणे या क्रियेचे स्थान बदलते. शिकून आणि जगून झाल्यावर हाती आलेल्या पक्क्या मालाचे वाटप, असे तिचे स्वरूप राहत नाही. सांगताना, श्रोत्याच्या प्रश्नाला सामोरे जाताना सांगणारा पुन्हा शिकतो. एज्राच्या कथेतही याचा पुढचा भाग आहे. पाणवेशीपुढच्या चौकात तो सकाळपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो आणि लेवी लोकांमध्ये फिरून त्याचा अर्थ सांगतात. बंदिवासातून परतलेल्यांच्या तोंडी अरामी भाषा रुळलेली असल्याने हे अर्थ सांगणे म्हणजे एक प्रकारचा अनुवादच होता, असे परंपरा मानते. ऐकणारे रडू लागतात. ग्रंथ जुनाच असतो. त्या रडण्याने त्याचा अर्थ नव्याने घडतो.

पण याच एज्राच्या नावे दुसरीही एक घटना नोंदलेली आहे. नियमशास्त्राचा आधार घेऊन परजातीय स्त्रियांशी झालेले विवाह त्याने मोडायला लावले. त्या स्त्रियांना आणि त्यांच्या मुलांना घालवून द्यावे, असे ठरले. शिकणे, आचरणे, शिकवणे या तिन्ही गोष्टी एज्राने प्रामाणिकपणे केल्या होत्या. तरीही हे घडले. म्हणजे त्रयी पूर्ण असणे ही नीतिमत्तेची हमी नाही. तिच्यात काहीतरी कमी आहे. काय कमी आहे, याचा एक सुगावा संमेलन जेथे भरले त्याच जिल्ह्यातील एका कथेत मिळतो.

३

संमेलननगरीला गोरोबाकाकांचे नाव दिलेले होते. धाराशिव जिल्ह्यातील तेर हे त्यांचे गाव. संतमंडळी तेथे जमली असता मुक्ताबाईंनी त्यांना थापटण्याविषयी विचारले आणि गोरोबांनी त्या थापटण्याने एकेकाच्या डोक्यावर टकटक करून कोणते मडके पक्के नि कोणते कच्चे हे पाहिले, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. इतर संत गप्प राहिले. नामदेव रागावले, आणि कच्चे ठरले. पुढे विसोबा खेचरांकडे ते गेले, हा कथेचा उत्तरार्ध.

या कथेचा नेहमीचा अन्वयार्थ गुरुमाहात्म्याचा आहे. प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने तिच्यात आणखी दोन गोष्टी लक्षणीय वाटतात. पहिली अशी की, कच्चा ठरलेला नामदेव हाच त्या मंडळींमधला सर्वांत मोठा सांगणारा होता. परंपरेने त्याला कच्चा म्हटले, पण त्याचे कीर्तन बंद केले नाही. पंजाबपर्यंत हा विचार घेऊन गेला तो नामदेवच, आणि शिखांच्या ग्रंथसाहेबात ज्याची पदे समाविष्ट झाली तोही नामदेवच. दुसरी गोष्ट : त्याचा दोष कच्चेपणात नव्हता, थापटून घेण्यास नकार देण्यात होता. सांगणाऱ्याची पात्रता त्याच्या पूर्णत्वावर ठरत नाही, तो स्वतःला तपासू देतो की नाही यावर ठरते, असे ही कथा सुचवते.

येथे यिर्मयाच्या पुस्तकातील कुंभाराचे घर आठवते. चाकावरचे भांडे बिघडते आणि कुंभार त्याच मातीचे दुसरे भांडे घडवतो. हे शक्य होते, कारण माती ओली असते. भाजलेले मडके पक्के खरे, पण त्याला नवा आकार देता येत नाही. चूक झालीच तर ते फुटते. धर्मग्रंथ सांगणारा पूर्णपणे पक्का असावा, असा आग्रह धरणारे या बाजूकडे दुर्लक्ष करतात. एज्राचे मडके फार पक्के होते. त्याच्या निर्णयाने ज्यांचे घर मोडणार होते, त्या स्त्रियांच्या हाती थापटणे कोणी दिले नाही.

आचरण ही सांगण्याची पूर्वअट आहे काय, या प्रश्नाला ख्रिस्ती परंपरेनेही सोपे उत्तर दिलेले नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू शास्त्री आणि परूशी यांच्याविषयी म्हणतो की, ते जे सांगतात ते पाळा, पण ते जे करतात ते करू नका. म्हणजे वचनाचे प्रामाण्य सांगणाऱ्याच्या शीलावर अवलंबून ठेवलेले नाही. उत्तर आफ्रिकेत चौथ्या-पाचव्या शतकांत दोनातुसपंथीयांशी झालेल्या वादात हाच प्रश्न होता. छळाच्या काळात कच खाल्लेल्या धर्मगुरूंनी दिलेले संस्कार ग्राह्य मानावेत काय? संस्काराचे सामर्थ्य ते देणाऱ्याच्या पावित्र्यातून येत नाही, ही भूमिका ऑगस्टीनने घेतली आणि ती मान्य झाली. तिच्यामुळे ग्रंथ वाचला. पण सांगणाऱ्याला तिच्यात एक पळवाटही मिळाली.

मराठीत तर या प्रश्नाचे रूप आणखी गुंतागुंतीचे आहे. श्रीरामपूरच्या मिशनने १८०५ मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान आणि १८११ मध्ये नवा करार मराठीत छापला. अनुवादाचे श्रेय विल्यम कॅरीकडे जाते, परंतु त्याचे मराठी घडवण्यास वैजनाथ शर्मा या हिंदू पंडिताचे साहाय्य होते. तो ग्रंथ शर्मांच्या श्रद्धेचा नव्हता. त्यांच्यासाठी ते पंडिती काम होते. छापील मराठी बायबलच्या आरंभालाच, आचरणाशी संबंध नसलेल्या माणसाचे हात लागलेले आहेत. ग्रंथ सांगण्यासाठी आचरण ही पूर्वअट मानली, तर मराठी बायबलचा हा पहिला पानाच खोडावा लागेल.

४

या ग्रंथाच्या घडणीतच एक वैशिष्ट्य आहे. येशू अरामी बोलत असे. त्याची चरित्रे मात्र ग्रीकमध्ये लिहिली गेली, तीही विद्वानांच्या जुन्या ग्रीकमध्ये नव्हे, तर बंदरांत आणि बाजारांत चालणाऱ्या सामान्य ग्रीकमध्ये. त्याच शतकात त्याच बोलीच्या वळणावर एका अनामिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रातील प्रवासाचे वर्णन लिहिले. त्यात दख्खनमधून भडोचला माल पाठवणाऱ्या ‘तगर’ नगराचा उल्लेख आहे. ते तगर म्हणजे आजचे तेर, असे अभ्यासक मानतात. दोन मजकुरांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. पण शुभवर्तमाने ज्या भाषिक जगात जन्मली ते किती व्यवहारी आणि किती दूरवर पसरलेले होते, याची त्यावरून कल्पना येते.

संस्थापकाचे बोलणे जन्मतःच परभाषेत गेले असल्याने या परंपरेत अनुवाद हा मुळापासूनचा ऱ्हास ठरत नाही. वेदाच्या बाबतीत ध्वनीचे जतन हाच धर्म होता. येथे ध्वनी हरवून अर्थ जपावा लागला. याचा नैतिक परिणाम असा होतो की, सांगणाऱ्याला ग्रंथाच्या भाषेवर मालकी सांगता येत नाही. तो श्रोत्याच्या भाषेत शिरतो तेव्हा तेथील शब्द त्याच्या आधीपासून तेथे असतात आणि त्यांचे अर्थही.

तीन शब्द पाहू. ‘करार’ हा अरबी-फारसीतून मराठीत आलेला दप्तरी शब्द. इस्राएल आणि परमेश्वर यांच्यातील संबंधासाठी तो स्वीकारला गेला, तेव्हा मराठी वाचकापुढे देव हा दस्तऐवजावर सही करणारा एक पक्ष म्हणून उभा राहिला. भक्तिपरंपरेच्या कानाला हे रूक्ष वाटते. पण कराराने दोन्ही पक्ष बांधले जातात. देवालाही जाब विचारता येतो, हा जुन्या करारातील गाभ्याचा आशय या रूक्ष शब्दाने बरोबर पकडला. दुसरा शब्द ‘पश्चात्ताप’. मूळ ग्रीक शब्दाचा रोख मनाच्या दिशाबदलावर आहे, मराठी शब्दाचा रोख मागाहून होणाऱ्या दाहावर. येथे अर्थ आक्रसला. वळणे मागे पडले, जळणे उरले.

तिसरा शब्द ‘साक्ष’, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने तो सर्वांत महत्त्वाचा. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये स्वतःच्या श्रद्धेचा अनुभव इतरांपुढे मांडण्याला ‘साक्ष देणे’ म्हणतात. ग्रीकमध्ये साक्षीदारासाठी जो शब्द आहे, त्यालाच पुढे हुतात्म्याचा अर्थ प्राप्त झाला. जे पाहिले ते सांगायचे आणि त्याची किंमत मोजायची, असा त्या अर्थाचा प्रवास. आपल्या दर्शनपरंपरेतील साक्षी मात्र अलिप्त आहे. उपनिषदातील दोन पक्ष्यांपैकी एक फळ खातो, दुसरा नुसता पाहतो; तो पाहणारा साक्षी. कर्मात न गुंतणे हेच त्याचे लक्षण. मराठीत ‘साक्ष’ म्हणताच हे दोन्ही अर्थ एकमेकांना भिडतात : गुंतलेला आणि न गुंतलेला, कठड्यात उभा राहणारा आणि दुरून पाहणारा.

हा अनुवादातील घोटाळा मानण्याचे कारण नाही. ग्रंथ सांगणाऱ्याला या दोन्ही गोष्टींची गरज असते. स्वतः गुंतल्याखेरीज त्याच्या बोलण्याला मोल नाही. आणि आपल्या बोलण्याचे फळ काय होते यापासून अलिप्त राहिल्याखेरीज श्रोत्याला मोकळीक नाही. प्रचारक आणि साक्षीदार यांतील भेद येथे स्पष्ट करता येतो. श्रोता बदलला की प्रचारकाचे काम यशस्वी होते. साक्षीदाराचे काम श्रोत्याने नकार दिला तरी पूर्ण होते, फक्त उलटतपासणीला तो उभा राहिला पाहिजे.

५

या कसोटीवर मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा इतिहास तपासला तर काही प्रस्थापित मूल्यमापने हलतात. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले. १५७९ मध्ये गोव्यात आलेला हा इंग्रज जेझुइट धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरी कोकणीत लिहितो आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे पुराण मात्र मराठीत रचतो. कारण प्रतिष्ठित काव्याची भाषा मराठी आहे हे त्याने ओळखलेले असते. मराठीच्या त्याने केलेल्या गौरवाचा आपण सदैव उल्लेख करतो. मात्र या पुराणाचा श्रोता कोण होता, याचा उल्लेख कमी होतो. जुनी पुराणे काढून घेतली गेली, आता वाचायला काही नाही, अशी नवख्रिस्ती श्रोत्याची तक्रार हे या रचनेचे निमित्त आहे. देवळे पाडली गेलेल्या, पोथ्या नष्ट केल्या गेलेल्या साष्टीतील तो श्रोता होता. स्टीफन्स शिकला, आपल्या व्रतानुसार जगला आणि त्याने अतिशय सुंदर मराठीत सांगितले. परंतु श्रोत्याला ‘नाही’ म्हणता येत नव्हते. ‘ख्रिस्तपुराणा’चे काव्यमूल्य त्यामुळे कमी होत नाही, त्याच्या गोडव्यात एक अस्वस्थता मात्र मिसळते, आणि समीक्षेने ती लपवता कामा नये. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने लोकभाषेच्या वापरावरच बंदी आणली, तेव्हा सांगणाऱ्याने स्वीकारलेली भाषाही त्याच्या पाठीशी असलेल्या सत्तेला नकोशी झाली.

पंडिता रमाबाईंची दिशा नेमकी उलट. केडगावच्या मुक्तिसदनात राहणाऱ्या, अल्पशिक्षित स्त्रियांना कळेल असे बायबल त्यांना हवे होते. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या अनुवाद करीत होत्या, आणि तो मुक्तिसदनाच्याच छापखान्यात, तेथील स्त्रियांच्या हातांनी छापला गेला. संस्कृतच्या पंडितेने संस्कृतप्रचुर, हिंदू तत्त्वज्ञानाचे संस्कार वागवणारी परिभाषा टाळण्याचा आग्रह धरला. वाङ्मयीन दृष्टीने ही गरिबी म्हणता येईल. पण येथे श्रोत्याचे स्थान वेगळे आहे : ऐकणारीच खिळे जुळवते आहे. सांगणारीने आपली विद्वत्ता बाजूला ठेवून ऐकणारीच्या शब्दसंग्रहाची मर्यादा स्वतःवर घातली. अनुवादकाचे आचरण कोठे पाहायचे, याचे उत्तर येथे मिळते. ते त्याच्या शब्दनिवडीत पाहायचे.

नारायण वामन टिळक यांनी अभंगाची वाट धरली. तुकोबांच्या मार्गाने आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची धारणा होती. १९१७ मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही स्थान होते. संख्येच्या हिशेबाने चालणाऱ्या धर्मप्रसाराला हा मोठाच छेद होता. त्यांच्याहूनही विचारप्रवर्तक उदाहरण लक्ष्मीबाईंचे आहे. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना लक्षात येते की, त्यांच्या बाबतीत एज्राचा क्रम पूर्ण उलटला. जातिभेद माणसाने केलेला आहे, हा निर्णय त्यांनी प्रथम स्वतःच्या विचाराने घेतला, दुसऱ्याच्या हातचे खाण्या-पिण्यातून तो आचरला, आणि ख्रिस्ती ग्रंथाशी त्यांचे नाते नंतर जुळले. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे त्यांनीच पूर्ण केले. आधी जगणे, मग शिकणे, मग सांगणे. आणि ‘स्मृतिचित्रे’त त्या सांगतात तेव्हा स्वतःची फजिती, राग, सोवळ्याचा अट्टहास, काहीच झाकत नाहीत. वाचकाच्या हाती थापटणे देऊनच त्या बोलतात. मराठीतील श्रेष्ठ ख्रिस्ती साक्ष एका आत्मचरित्राच्या रूपात आली, याचे कारण येथे असावे.

६

आतापर्यंत आचरणाचा विचार व्यक्तीच्या पातळीवर झाला. त्याची दुसरी बाजू डॉ. आंबेडकरांनी दाखवली. १ जानेवारी १९३८ रोजी, उस्मानाबादच्या शेजारच्या सोलापुरात, भारतीय ख्रिस्ती लोकांच्या सभेत त्यांनी भाषण केले. बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तिमत्त्वांचे आपल्याला आकर्षण असल्याचे त्यांनी सांगितले. त्याचबरोबर ख्रिस्ती समाजाने सामाजिक अन्यायाविरुद्ध लढा दिला नाही आणि चर्चमध्येही जात शिरली, असा परखड आरोपही केला. या आरोपाचे मर्म असे की, धर्मग्रंथाचे आचरण वैयक्तिक सदाचारात संपत नाही. ग्रंथ दलितांना सांगितला गेला, पण त्यांच्या प्रश्नासाठी ग्रंथ सांगणारा रस्त्यावर आला नाही, तर सांगणे अर्धवट राहिले. हा थापटण्याचा आवाज होता. आणि तो समाजाबाहेरून, ग्रंथ आदराने वाचलेल्या माणसाकडून आला होता.

या आवाजाला मराठी ख्रिस्ती समाजातून मिळालेल्या उत्तरांपैकी एक उत्तर म्हणून दिब्रिटो यांच्या कार्याकडे पाहता येते. १९८०च्या दशकाच्या अखेरीस हरित वसई संरक्षण समितीच्या रूपाने वसईत जे आंदोलन उभे राहिले, त्यात प्रश्न जमिनीचा, भूजलाचा आणि बांधकामाच्या धंद्याभोवती वाढलेल्या दहशतीचा होता. आंदोलनात निरनिराळ्या धर्मांचे लोक होते, आणि लाभ कोणा एका धर्माला होणार नव्हता. धर्मगुरूने येथे ग्रंथ सांगितला नाही. परंतु त्याचा ग्रंथ खरा की खोटा हे तपासण्याची संधी सर्व वसईकरांना मिळाली. ‘सुबोध बायबल’ त्यानंतर आले, हा क्रम योगायोगाचा वाटत नाही. ‘सुबोध’ हे विशेषणही अर्थपूर्ण आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत (१९६२-६५) वसईच्या चर्चमध्ये उपासनेची भाषा लॅटिन होती आणि अनेक घरांतील भाषा सामवेदी. प्रमाण मराठी ही दिब्रिटो यांच्यासारख्यांना शिकून मिळवावी लागलेली भाषा होती. ज्याला स्वतःला ग्रंथ दुर्बोध भाषेत ऐकावा लागला, त्याने तो सुबोध करण्याची जबाबदारी घेतली.

येथे एक आक्षेप विचारात घ्यावा लागेल. गांधीजी मिशनऱ्यांना गुलाबाचे उदाहरण देत : गुलाब आपल्या सुगंधाचा प्रचार करीत नाही. आचरण पुरेसे असेल तर सांगायचेच कशाला? ही भूमिका उदात्त आहे आणि प्रचाराच्या अतिरेकावर ती आवश्यकच होती. तथापि ती लेखकाला लागू करता येत नाही. लेखकाचा सुगंध शब्दांतच असतो. त्याने गप्प बसावे असे म्हणणे म्हणजे गुलाबाने दरवळू नये असे म्हणणे होय. शिवाय मौन नेहमीच निरपराध नसते. न सांगितलेल्या श्रद्धेला कोणी प्रश्न विचारू शकत नाही. ती तपासणीपासून सुरक्षित राहते, आणि सुरक्षित श्रद्धा कधी हट्ट बनते ते श्रद्धावंतालाही कळत नाही. सांगण्याचा सर्वांत मोठा लाभ, या अर्थाने, सांगणाऱ्यालाच होतो.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. साक्षीदार अलिप्त असावा असे म्हटले, तरी आपले म्हणणे पटावे असे कोणत्या साक्षीदाराला वाटत नाही? फळाची आशा पूर्णपणे सोडलेले सांगणे शक्य आहे काय? बहुधा नाही. साक्ष आणि प्रचार यांच्यामधली रेषा माणसाच्या अंतःकरणात आखता येत नाही, म्हणून ती बाहेर, परिस्थितीत शोधावी लागते. ऐकणारा उठून जाऊ शकतो काय? नकार दिल्याने त्याची भाकरी, शाळा, औषध किंवा संरक्षण हिरावले जाणार नाही ना? सांगणाऱ्याला त्याच्याच ग्रंथाच्या आधारे दोष देण्याची त्याला मुभा आहे काय? हेतूंची परीक्षा अशक्य असली तरी या प्रश्नांची उत्तरे मिळतात. १६१६च्या साष्टीत ती एका प्रकारची होती, १९१७च्या ‘देवाच्या दरबारा’त दुसऱ्या प्रकारची. दुष्काळात अन्नछत्र आणि प्रवचन एकाच दारात भरते तेव्हा ती फारशी समाधानकारक नसतात, हेही स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

७

या निकषाने पाहिल्यास साहित्य संमेलन हे धर्मग्रंथाची साक्ष देण्यास अपात्र ठिकाण ठरत नाही. उलट चर्चच्या वेदीपेक्षा ते अधिक कठोर ठिकाण आहे. वेदीसमोरचा श्रोता श्रद्धेने बांधलेला असतो. मांडवातला श्रोता टाळ्या न वाजवता उठू शकतो आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातून टीकाही करू शकतो. ज्यांनी दिब्रिटो यांच्या निवडीला विरोध केला, त्यांना प्रश्न विचारण्याचा अधिकार होताच. त्यांनी तो ऐकण्यापूर्वी वापरला, एवढाच आक्षेप त्यांच्यावर घेता येतो. मडके हातात न घेताच ते कच्चे म्हणून बाजूला ठेवण्याचा तो प्रकार होता. आणि ज्यांनी त्यांचा धर्म खासगी म्हणून झाकला, त्यांनी दुसऱ्या बाजूने तेच केले. त्यांनीही थापटून पाहिले नाही.

ऐकणे हीदेखील नैतिक कृती आहे, हा यातून निघणारा निष्कर्ष. धर्मग्रंथाच्या नीतिविचारात आपण शिकणारा, आचरणारा आणि सांगणारा यांना स्थान देतो. ऐकणाऱ्याला मात्र केवळ ग्रहण करणारा समजतो. वास्तविक त्रयी अपुरी राहते ती त्याच्याच अभावी. एज्राला तो मिळाला नाही, स्टीफन्सला मिळूनही मुका राहिला. रमाबाईंना तो छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या मुलींच्या रूपाने भेटला, आणि सोलापुरात तो डॉ. आंबेडकरांच्या रूपाने व्यासपीठावरच चढला.

मराठी समीक्षेपुढे यातून एक काम उभे राहते. ‘ख्रिस्ती मराठी साहित्य’ असा वेगळा कप्पा करून आपण या वाङ्मयाचा गौरव केला आणि त्याच गौरवाने त्याला परीक्षणातून सूट दिली. बायबलचे मराठी अनुवाद शेजारी शेजारी ठेवून त्यांतील शब्दनिवडीची शैलीच्या आणि नीतीच्या अंगाने चिकित्सा क्वचितच होते. ‘पश्चात्तापा’त वळणे कसे परत आणायचे, ‘करारा’ला भक्तीच्या भाषेत काय पर्याय आहे, ‘साक्ष’ या शब्दातील अलिप्ततेचे ख्रिस्ती अनुवादकाने काय करावे, हे प्रश्न फक्त चर्चचे नाहीत. ते मराठी भाषेचे प्रश्न आहेत, आणि त्यांची उत्तरे श्रद्धावंत व अश्रद्ध या दोघांनी मिळून शोधावी लागतील. वैजनाथ शर्मांनी श्रीरामपूरच्या मिशनसाठी मराठी वाक्ये बसवली, तेव्हा त्यांना तो ग्रंथ मानावा लागला नव्हता. तो नीट ऐकावा मात्र लागला होता.